सैल तोंडाचे मीटर

आमचे मामा दुकान बंद करणार, ही बातमी आईने मला श्रावणातल्या एका सोमवारी साबुदाण्याच्या खिचडीबरोबर वाढली. मामा म्हणजे माझे सख्खे थोरले मामा, वय वर्षे ७६. नाशकात भांडी बाजारापासून हाकेच्या अंतरावर, एका जुन्या वाड्याच्या गाळ्यात त्यांचे दुरुस्तीचे दुकान आहे. तेथे पूर्वी रेडिओ दुरुस्त होत, पुढे टेपरेकॉर्डर आणि टीव्ही आले, आता मिक्सर, गीझर, पंखे आणि इस्तऱ्या येतात. "वस्तू बदलल्या, वीज तीच आहे," असे मामा म्हणतात. २००८ च्या सप्टेंबरात गोदावरीचे पाणी बाजारात शिरले, तेव्हा गल्ल्यातल्या पैशांआधी त्यांनी आपले मीटर डोक्यावर घेऊन जिना गाठला होता. असा माणूस आपण होऊन कुलूप लावायला निघाला, म्हणजे काहीतरी घडले असणार.

मी मराठीचा प्राध्यापक. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण भाचा या नात्याने चौकशी करणे भागच होते. संध्याकाळी दुकानी गेलो.

"काय मास्तर, आज वाट चुकलास?"

"मामा, आई म्हणत होती..."

"तिने सांगितलं ते खरं आहे. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची आणि दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन. कायमचं."

"पण का?"

मामांनी आधी चहा मागवला. मग हळूहळू एकेक बाहेर येऊ लागले. गंगापूर रोडवरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा गीझर तापेना. मामांनी मीटर लावले, काटा हलला नाही. कॉइल जळाली, असे त्यांनी सांगून टाकले. गिऱ्हाइकाने दुसरीकडे दाखवले, तर कॉइल ठणठणीत! बिघाड होता थर्मोस्टॅटमध्ये. "ते काही बोलले नाहीत रे. बोलले असते तर बरं वाटलं असतं."

दुसरी हकीकत त्यांनी आवाज खाली आणून सांगितली. पंचवटीत एका आजीबाईंच्या घरी भिंतीवरचा बोर्ड दुरुस्त करायचा होता. मीटर लावले, काटा शून्यावर. वीज नाही असे समजून मामांनी तारेला हात घातला, आणि २३० व्होल्टांनी त्यांना मागच्या कपाटावर नेऊन आदळले. कोपर सोलवटले, एवढ्यावर भागले. टेस्टर खिशातच होता. पण ज्याच्या हातात मीटर आहे तो टेस्टर कशाला काढील? "घरी बोलू नकोस," मामा म्हणाले. "हात गेला माझा. पिन नीट धरता येत नाही. काटा दिसतो एक आणि मी वाचतो भलतंच."

मी काय बोलणार! "वयोमानाने व्हायचेच" असे काहीसे पुटपुटलो. ते बोलायला नको होते, हे आता कळते.

आमचे कन्यारत्न तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी जेवताना मी (कोपराची गोष्ट वगळून) सारे सांगितले. तिने आमटीत भाताचा घास कालवता कालवता विचारले, "बाबा, आजोबांचं मीटर तपासलं का कोणी?"

मीटर तपासायचे? मीटर म्हणजे तपासणारे! निरूपणकाराला "तुमचा श्लोक पाठ आहे ना?" असे विचारण्यापैकीच हा प्रकार वाटला. पण रविवारी तिला घेऊन गेलो.

मामांचे मीटर काट्याचे आहे. काळी बॅकेलाइटची पेटी, वर काच, मध्ये फिरवायचा खटका आणि खाली दोन भोके, एक तांबडे, एक काळे. त्या भोकांत तारांच्या पिना खोचायच्या आणि तारांची दुसरी टोके मोजायच्या वस्तूला लावायची. मुलीने खटका ओहमवर नेला आणि दोन्ही टोके एकमेकांना टेकवली. काटा सरसर उजवीकडे जाऊन शून्यावर उभा राहिला. (ओहमचे शून्य उजवीकडे असते, उर्दूसारखे.) मग तिने टोकांना मुळीच धक्का न लावता मीटरच्या भोकातली तांबडी पिन नुसती बोटाने हलवली. काटा डावीकडे कोसळला. पुन्हा हलवली, उजवीकडे आला. पुन्हा हलवली, मधल्या मध्ये थरथरत राहिला.

"आजोबा, तुमचा हात नाही थरथरत. हे थरथरतंय."

मामांनी मीटर आपल्याकडे ओढले आणि स्वतः पिन हलवून पाहिली. एकदा, दोनदा, चारदा. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "स्क्रूड्रायव्हर दे."

ज्याला आपण मल्टिमीटर म्हणतो, त्याचा जन्म कंटाळ्यातून झाला. डोनाल्ड मॅकाडी नावाचे ब्रिटिश पोस्ट खात्यातले एक अभियंता टेलिफोनच्या लाइनी दुरुस्त करायला निघत, तेव्हा प्रवाह मोजायला एक, दाब मोजायला दुसरे, विरोध मोजायला तिसरे असे सारे बिऱ्हाड पाठीवर न्यावे लागे. त्यांनी तिन्ही एका पेटीत बसवली. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम यांची आद्याक्षरे घेऊन १९२३ साली 'ॲव्हो' बाजारात आले. तारांच्या टोकाच्या चार मिलिमीटर जाडीच्या फुगीर पिनेचा मान जर्मनीच्या रिचर्ड हिर्शमान यांना देतात, तीही १९२४ च्या सुमाराची. तिला सारे जग 'बनाना' म्हणते. पिनेच्या अंगावर पितळी पाकळ्या असतात आणि त्या मध्ये फुगलेल्या असतात, म्हणून केळे! आमच्या बाजारातही "बनाना पिन द्या" म्हटले तरच वस्तू मिळते. "केळे द्या" म्हणणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकाला फळबाजाराचा रस्ता दाखवतात.

आता गंमत पाहा. मीटरच्या पोटात नाजूक कॉइल असते, केसासारखी स्प्रिंग असते, मोजून मापून लावलेले रेझिस्टर असतात. त्या साऱ्याची आपण काळजी घेतो. पण झिजते आधी काय, तर तोंड! दिवसातून दहा वेळा पिन घाला, दहा वेळा काढा. तार ओढली जाते, पिन तिरकी होते, पाकळ्यांचा ताठा जातो. आणि सॉकेट पूर्ण तुटले तर बरे, निदान मीटर बंद पडले हे कळते. ते अर्धवट सैल झाले की मीटर दहापैकी आठ वेळा खरे बोलते आणि दोनदा खोटे, आणि त्या दोन वेळा कोणत्या हे सांगत नाही. ओहम मोजताना त्या सैल जागेचा विरोध वस्तूच्या विरोधात मिसळतो. व्होल्ट मोजताना तेवढ्याने काही बिघडत नाही, पण पिन पुरती सुटली की काटा शून्यावर बसतो. विजेच्या कामात 'शून्य' याचा अर्थ लोक 'हात घाला' असा घेतात. शिवाय जास्त अँपिअर मोजताना तर विचारूच नका. सॉकेटात ओहमचा दहावा हिस्सा एवढाच विरोध असला आणि दहा अँपिअर चालू असले, तर त्या इवल्याशा भोकात दहा वॅट उष्णता तयार होते. प्लॅस्टिक वितळायला ती पुरते.

नाशिक म्हटले की लोकांना द्राक्षे आठवतात, कुंभमेळा आठवतो, फार तर नोटांचा छापखाना. पण मीटर हाही या गावाचा धंदा आहे, हे आम्हा नाशिककरांनाही चटकन आठवत नाही. नाशिक रोडला मोटवाने यांचा कारखाना आहे. याच घराण्याच्या 'शिकागो रेडिओ'चे कर्णे स्वातंत्र्याच्या चळवळीत काँग्रेसच्या सभांतून वाजत. साताऱ्यासारखे नाव असलेल्या पण नाशकातच असलेल्या आमच्या सातपूरला १९८२ साली ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स सुरू झाली आणि २०११ मध्ये तिने पोलंडमधली मीटर बनवणारी जुनी कंपनी विकत घेतली. मामांना हे सारे तोंडपाठ आहे. त्यांचे स्वतःचे मीटर मात्र कुठले, हे मी सांगणार नाही, कारण पुढे कळेल त्याप्रमाणे दोष बनवणाऱ्याचा नव्हताच.

मीटर उघडले. आधी आतला सेल काढला. मुलीने तो काढेपर्यंत मामांना पुढे हात घालू दिला नाही. मागून पाहिले तर तांबड्या सॉकेटाची चाकी ढिली झालेली. चाकी ढिली, म्हणून पिन खोचताना सॉकेट जागच्या जागी फिरे. ते फिरे, म्हणून मागे डाखलेली तार दर वेळी पिळली जाई, आणि शेवटी डाखाला बारीक तडा गेला होता. बाहेरून काही दिसण्यासारखे नव्हते. ही एक गोष्ट झाली.

दुसरी गोष्ट सॉकेटाच्या आत होती. मुलीने टॉर्च मारून पाहिले. "आजोबा, आतलं निकेल पार गेलंय. पितळ उघडं पडून काळं झालंय. असं कशानं होतं?"

मामा गप्प राहिले. मग त्यांनी ड्रॉवर उघडून पॉलिश पेपरची एक बारीक सुरळी काढून टेबलावर ठेवली. गेली कित्येक वर्षे दर खंडेनवमीला पूजेआधी ते साऱ्या हत्यारांबरोबर मीटरची भोकेही त्या सुरळीने आतून घासून लख्ख करीत. भोक लख्ख दिसे, मामांना समाधान वाटे आणि निकेलचा पातळ थर दर साली थोडा थोडा जाई.

"म्हणजे कल्हई मीच उडवली," मामा म्हणाले.

हे वाक्य मला फार आवडले, कारण ते अगदी नेमके होते. पितळेच्या पातेल्यात दही कळकते, म्हणून आपण त्याला कथलाची कल्हई करतो. उघड्या पितळेवर हवेने आणि घामाच्या बोटांनी जो थर चढतो, तो विजेलाही नीट जाऊ देत नाही. सॉकेटातले पितळच कळकले म्हणा ना. कल्हई केलेले भांडे राखेने खसाखसा घासू नये हे आमच्या आजीला ठाऊक होते. सॉकेटाच्या निकेलला किंवा सोन्याच्या मुलाम्यालाही पॉलिश पेपर लावायचा नसतो. बारीक काडीला स्वच्छ फडके गुंडाळून, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून आतून पुसायचे, एवढेच.

आता नवे सॉकेट आणणे आले. महात्मा गांधी रोडवर चौकशी केली. मोबाइलच्या काचा हव्या तेवढ्या, पण हे सॉकेट नाही. घरपोच मागवता आले असते, पण मामांना वस्तू बोटांत धरून पाहिल्याशिवाय घ्यायची नव्हती. म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड. तोपर्यंत पितृपक्ष लागला होता आणि या पंधरवड्यात नवी वस्तू घ्यायची नाही असा मामांचा नेम. मुलीने निर्णय दिला की सॉकेट ही नवी वस्तू नसून जुन्या वस्तूची दुरुस्ती आहे. धर्मशास्त्रात याला आधार आहे की नाही मला ठाऊक नाही. पंचवटी एक्सप्रेसची तिकिटे मात्र निघाली. दादरला उतरून ग्रँट रोडला गेलो. वडापावाच्या किमतीच्या वस्तूसाठी तीन माणसे नाशकाहून आलेली पाहून दुकानदार हसला नाही, हे त्या बाजाराचे वैशिष्ट्य म्हटले पाहिजे. त्याने फक्त विचारले, "साधे की कव्हरवाले?"

येथे आजोबा आणि नात यांचे जुंपले. साध्या सॉकेटात उघडी पिन जाते. कव्हरवाल्या पिनेभोवती प्लॅस्टिकची नळी असते आणि ती साध्या सॉकेटात पुरती बसतच नाही. "माझ्या जुन्या तारा वाया जातील," मामा म्हणाले. मुलगी म्हणाली, "आजोबा, तारांची टोकं बोर्डाला लागलेली असताना मीटरमधली पिन निसटली आणि तुम्ही ती उचललीत, तर हातात काय येईल?" उत्तर साऱ्यांना ठाऊक होते. उघड्या पिनेवर तेच २३० व्होल्ट. मामांचा हात नकळत कोपराकडे गेला. दोन्ही प्रकारची सॉकेटे घेतली, कव्हरवाल्या नव्या ताराही घेतल्या.

घरी आल्यावर कळले की कव्हरवाले सॉकेट मागे जास्त लांब असते. मामांनी आगपेटीची काडी आत घालून खोली मोजली. काडीभर जागा होती, पुरली. भोक मात्र किंचित लहान पडले. बॅकेलाइट ड्रिलने फुटते, म्हणून मामांनी गोल कानस घेतली आणि अर्धा तास, चार फेऱ्या मारायच्या आणि सॉकेट लावून पाहायचे, असे चालवले. या अर्ध्या तासात त्यांचा हात एकदाही थरथरला नाही. मी मुद्दाम पाहत होतो.

डाखकामही त्यांनीच केले. 'सोल्डरिंग' हा शब्द आता घराघरांत आहे, पण झाळणे आणि डाख देणे हे आपले जुने शब्द मामा अजून वापरतात. शेजारच्या भांडी बाजारात लहानपणी कल्हईवाल्यांच्या भात्याशी बसून ते विस्तवाची भाषा शिकले आहेत. मात्र एक फरक त्यांनी नातीला बजावला. कल्हईवाला भांडे स्वच्छ करायला नवसागर वापरतो, ते मीटरमध्ये कधीही वापरायचे नाही. त्याचा अंश राहिला की तार पुढे खाल्ली जाते. येथे राळच हवी. कथील-शिशाचा नेहमीचा डाख १९० अंशांच्या आतबाहेर वितळतो. आधी तार आणि सॉकेटाचे शेपूट तापवायचे आणि त्या तापलेल्या धातूला डाख लावायचा. डाख तापवून वरून थापला तर तो थेंबासारखा बसतो आणि आत धरत नाही. मुलीने त्यात भर घातली की सॉकेटात आधी एक पिन खोचून ठेवावी, म्हणजे जादा उष्णता ती शोषून घेते आणि प्लॅस्टिक वाकडे होत नाही. मामांनी ही युक्ती मान्य केली. आपल्याला आधीच ठाऊक होती असे म्हणाले नाहीत. मोठ्या माणसांत हे विरळा.

कामाच्या ओघात मुलीने आपल्या प्रयोगशाळेतली गोष्ट सांगितली. तेथे ऑसिलोस्कोप असतात, विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारे. त्यांचे तोंड 'बीएनसी' नावाचे असते. आपल्या घरातला दाबून फिरवायचा जुना बल्ब असतो ना, तशीच दाबून फिरवण्याची तऱ्हा. त्या नावात बेल लॅबोरेटरीचे पॉल नील आणि ॲम्फेनॉलचे कार्ल कॉन्सेलमन या दोघांची आद्याक्षरे आहेत. साधारण ५०० वेळा लावणे-काढणे, एवढीच त्याच्या टिकाऊपणाची हमी असते. म्हणजे दिवसातून दोनदा लावले तर वर्षही पुरे होत नाही. त्यातही विद्यार्थी केबल मिळाली नाही की मधल्या बारीक छिद्रात सरळ जाड तार खुपसतात, आतल्या पाकळ्या फाकतात आणि मग योग्य पिनही सैल बसते. यावर उपाय म्हणून त्या तोंडावर एक छोटा जोडतुकडा कायम चढवून ठेवतात. झिजायचे ते त्या तुकड्याने झिजावे. झिजला की तो काढून दुसरा लावायचा. "म्हणजे घोड्याच्या टापेला नाल!" मी म्हणालो. वर्गाबाहेर माझी एखादी उपमा कामी येण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा.

मीटर मिटले. तारा लावल्या, टोके जुळवली, काटा शून्यावर गेला. मुलीने पिन हलवली, ओढली, पिळली. काटा जागचा हलला नाही. मग नवा कोरडा सेल मोजला, दीड व्होल्टाच्या किंचित वर. मामा म्हणाले, "झालं." मुलगी म्हणाली, "नाही, आजोबा. वीज नाही असं मीटर म्हणालं, तर त्यावर विश्वास ठेवायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा ते चालू विजेवर लावून पाहायचं. दिवा जळतोय अशा ठिकाणी."

"म्हणजे दर वेळी मीटरची परीक्षा घ्यायची?"

"हो. आधी, मग काम, मग पुन्हा."

खंडेनवमीला मी सहकुटुंब दुकानी गेलो. पाटावर पक्कड, स्क्रूड्रायव्हर, सोल्डरिंग आयर्न आणि मध्ये मीटर, साऱ्यांवर झेंडूची फुले. पॉलिश पेपरची सुरळी कुठे दिसली नाही. दुकान बंद करण्याचा विषय मामांनी काढला नाही, म्हणून मीही काढला नाही. दसऱ्याला सोने द्यायला म्हणून ते गंगापूर रोडच्या त्या गिऱ्हाइकाकडे गेले आणि कॉइलबद्दल आपण चुकीचे सांगितले होते हे दारातच सांगून आले. गृहस्थांनी त्यांना आत बोलावले, करंजी खाऊ घातली आणि स्वयंपाकघरातला एक बोर्ड दाखवला. मिक्सर लावला की त्यातून चरचर आवाज येई.

दोन दिवसांनी मामा तो बोर्ड करायला निघाले, तेव्हा पिशवी धरायला म्हणून मीही बरोबर गेलो. मामांनी आधी शेजारचा दिवा लावून त्याच्या होल्डरवर मीटर पाहिले, २३२ व्होल्ट. मेनस्विच पाडला आणि बोर्डावर मीटर लावले, शून्य. मेनस्विच चढवला, पुन्हा दिव्यावर पाहिले, २३२. मेनस्विच पाडला, खिशातला टेस्टर काढून तोही एकदा लावला आणि मग बोर्डाचा पहिला स्क्रू सोडवला.